कॉम्बिनेशन बंदुकीची गोळी वर का चढते?
(जुनी रायफल-शॉटगन घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कॉम्बिनेशन बंदुकीत रायफलची आणि छर्ऱ्याची नळी एकत्र जोडलेली असते. दुरुस्तीला येणाऱ्या अशा बंदुकांसोबतची तक्रार बहुतेक वेळा एकाच ओळीची असते: छर्ऱ्याची नळी उत्तम, रायफल मात्र गोळी जागेवर टाकत नाही. यातल्या पुष्कळ बंदुका निर्दोष निघतात. सापडतात ते फक्त खाचा बुजलेले स्क्रू आणि दोन्हीकडे मनसोक्त फिरवलेली दुर्बीण. ती पुन्हा लावण्यात आमचा अर्धा दिवस जातो आणि बिल तुम्हाला लागते.

कारण साधे आहे. या नळ्या एकमेकींना कथलाच्या डाखाने पूर्ण लांबीभर जोडलेल्या असतात. साठ सेंटिमीटरची पोलादी नळी 30 अंशांनी तापली तर सुमारे 0.2 मिमी वाढते. शेजारची थंड नळी तिला वाढू देत नाही, म्हणून जोडी वाकते, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली पट्टी वाकते तशी. रायफल खाली असेल तर तोंड वर उचलले जाते आणि दुसरी, तिसरी गोळी पहिलीच्या वर चढत जाते. रायफल वर असलेल्या बंदुकीत हेच उलटे होते. लागोपाठ तीन बार काढून त्यांच्या मध्यावर दुर्बीण बसवली, की दुसऱ्या दिवशीची पहिली थंड गोळी चुकणारच. मग पुन्हा स्क्रू फिरतात.

ही बंदूक थंड नळीच्या पहिल्या गोळीसाठी बनलेली आहे. झीरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळी पडते त्या जागेशी जुळवणे, तिच्यावरच करा. नळीखालचे पुढचे लाकूड मऊ पिशवीवर टेका, नळी कशालाही टेकू देऊ नका. 50 मीटरवर एक गोळी मारा, बंदूक उघडून ठेवा, हाताला ऊब लागेनाशी झाली की दुसरी. किमान दहा मिनिटे धरा, उन्हात जास्त. छर्ऱ्याचा बारही मध्ये काढू नका, त्या नळीची उष्णताही जोडीला वाकवते. प्रत्येक छिद्राशेजारी पेन्सिलने क्रमांक घाला. तीन थंड गोळ्या जवळजवळ पडल्या तरच दुर्बिणीला हात लावा, मग 100 मीटरवर जा. थंड गोळ्याच विखुरत असतील तर मात्र दुर्बिणीची बैठक, दस्त्याची बसण किंवा रिबचा (नळ्यांना डाखलेल्या लांब पट्टीचा) डाख तपासावा लागेल. तेव्हा तो क्रमांक घातलेला कागद बंदुकीसोबत पाठवा. त्यावरून आम्हाला निम्मे काम कळते.

डाखाची परीक्षा घरीही होते. दस्ता आणि पुढचे लाकूड काढा, नळ्या दोरीला टांगा, बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर ठीक. बद्द किंवा फुटक्या भांड्यासारखा थरथरता आवाज आला तर रिब कुठेतरी सुटली आहे. त्या बंदुकीतून बार काढू नका.

"ब्लूइंगला (नळीवर काळा थर चढवायला) एवढे आठवडे का? दुसरीकडे दोन दिवसांत होते," हा दुसरा नेहमीचा प्रश्न. दोन दिवसांत होते ते कॉस्टिक सोड्याच्या सुमारे 140 अंशांच्या कढईत. तो सोडा रिबखाली शिरतो, पूर्ण धुतला जात नाही आणि डाख खातो. काही महिन्यांनी रिबच्या कडेने पांढरी पूड झिरपू लागते, मग रिब सुटते. आम्ही गंज चढवून, पाण्यात उकळून, ब्रशने घासून काळेपणा आणतो आणि हे सहा ते दहा वेळा करतो. वेळ लागतो हे मान्य, पण उकळते पाणी 100 अंशांवर थांबते आणि डाखाला धक्का लागत नाही.

काडतुसाबाबत अंदाज नको. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच जर्मन बंदुकांचे 16 बोअर चेंबर (छर्ऱ्याच्या नळीतली काडतूस बसण्याची जागा) 65 मिमीचे आहे. 70 मिमीचे काडतूस त्यात आरामात बसते, कारण न उडवलेले काडतूस दुमडलेले म्हणून आखूड असते. उडताना तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडते आणि दाब वाढतो. रायफलच्या बाजूला 8×57 आयआर आणि आयआरएस ही दोन वेगळी काडतुसे आहेत: पहिल्याची गोळी 0.318 इंचाची, दुसऱ्याची 0.323. जाड गोळी अरुंद नळीत घालणे धोक्याचे आहे. नळीवरचे मापाचे शिक्के पुसट असतील तर चेंबरचा साचा काढून मोजतो. पूर्ण सर्व्हिससोबत त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

पाठवताना बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, परवान्याची प्रत जोडा. स्क्रू घरच्या पेचकसाने सोडवू नका आणि दस्त्याच्या मुळाशी तेल ओतू नका. तेल प्यायलेले लाकूड खडूच्या लेपाने सुकवायलाच आठवडा जातो.