दात आणि कवळीवर पुन्हा धरणारा थर (जैवपटल)

सकाळी उठल्यावर खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूवरून जीभ फिरवली की मऊ, बुळबुळीत असे काहीतरी लागते. ते रात्रीच्या जेवणाचे उरलेले कण नसतात. तो जीवाणूंचा जिवंत थर असतो, आणि आदल्या रात्री दात घासून झोपलेल्या माणसाच्या तोंडातही तो सकाळपर्यंत पुन्हा धरू लागलेला असतो. शास्त्रात त्याला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात, दंतवैद्य प्लाक म्हणतात. घरगुती बोलण्यात ‘किटण’ हा शब्द या मऊ थरालाही वापरतात आणि त्याच्या दगड झालेल्या रूपालाही. दोन्हींत फरक आहे, तो पुढे येईल.

हा थर नैसर्गिक दातांवर धरतो तसाच कवळीवरही धरतो. कारण दोन्हीकडे एकच आहे : लाळेत सतत भिजणारा, कधीही कात न टाकणारा कठीण पृष्ठभाग. गालाच्या आतल्या त्वचेच्या आणि टाळूच्या वरच्या पेशी सारख्या झडत असतात, त्यांच्याबरोबर जीवाणूही गळून जातात. दात झडत नाही, कवळीही झडत नाही. जो पृष्ठभाग स्वतःला झाडू शकत नाही तो दुसऱ्या कोणीतरी झाडावा लागतो.

कोकणात हे समजावून सांगायला होडी पुरते. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, आणि हंगाम सुरू होण्याआधी तळ खरवडून त्याला रंग देतात. पुढच्या वर्षी तळ पुन्हा भरलेला असतो. लाकूड किंवा फायबर वाईट म्हणून नव्हे, तर खाऱ्या पाण्यात कठीण वस्तू बुडून राहिली म्हणून. तिथेही सर्वांत आधी बसतो तो जीवाणूंचा बुळबुळीत पापुद्रा, शंख-शिंपले मागून येतात. दातांचे गणित याहून वेगळे नाही, फक्त वर्षाऐवजी दिवस मोजायचे.

पहिली नजर

हा थर प्रथम पाहिला तो डेल्फ्ट येथील कापड व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने. १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याच दातांमधला पांढरा, भिजवलेल्या पिठासारखा साका स्वतः घडवलेल्या भिंगाखाली ठेवल्यावर वळवळणारे इवलेसे जीव दिसल्याचे सांगितले. तो रोज सकाळी मिठाने दात घासत असे आणि दात स्वच्छ असल्याचा त्याला अभिमान होता. तरीही फटींमध्ये हा साका होताच. मीठ आणि कोळशाने दात घासणारी कोकणातली जुनी माणसे ज्यांना आठवतात, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

दातावर थर कसा परततो

दात अगदी लखलखीत घासला, तरी तो उघडा राहतो काही क्षणच. लाळेतली प्रथिने लगेच दंतवल्कावर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणावर, बसू लागतात आणि काही मिनिटांत एक अतिपातळ लेप तयार होतो. हा लेप दाताच्या फायद्याचाच आहे, आम्लापासून तो थोडे संरक्षणही देतो. मात्र जीवाणूंना दात धरायला आधार लागतो तो याच लेपाचा. लाळेच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे १० कोटी जीवाणू तरंगत असतात. त्यांतले काही स्ट्रेप्टोकॉकस गटाचे जीवाणू या लेपातल्या ठरावीक रेणूंना आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी पकडतात. सँग्विनिस, ओरॅलिस, मायटिस ही त्या पहिल्या वसाहतकारांची नावे.

बाहेरून येणाऱ्यांपेक्षा घरात राहिलेल्यांचा वाटा मोठा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दाढांच्या खाचा, दोन दातांमधली फट आणि हिरडीची कड इथे ब्रश पुरता पोहोचत नाही. तिथे उरलेल्या पेशी विभागत राहतात आणि थर त्या कडांपासून मोकळ्या जागेकडे पसरतो. पहिल्या दिवसात वाढ झपाट्याने होते, काही तासांत संख्या दुप्पट. थर जाड होत गेला की अन्न आणि जागा कमी पडते आणि वेग मंदावतो.

मग वस्ती बदलू लागते. वरचे जीवाणू प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे खालच्या थरात प्राणवायू न सोसणाऱ्यांना जागा मिळते. एकाने टाकलेले लॅक्टिक आम्ल दुसरा खातो. फ्यूसोबॅक्टेरियम हा लांबट जीवाणू पूर्वी आलेल्यांना आणि उशिरा येणाऱ्यांना, दोघांनाही चिकटू शकतो, म्हणून त्याला पुलाची उपमा देतात. सगळे मिळून आपल्याभोवती शर्करा, प्रथिने यांचा चिकट गर तयार करतात. या गरातल्या जीवाणूंवर औषधाचा परिणाम मोकळ्या तरंगणाऱ्या जीवाणूंपेक्षा कितीतरी कमी होतो. चूळ भरून थर निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो, याचे कारण हेच. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या ०.२ टक्के द्रावणाने चूळ भरली तर नवी वाढ काही काळ रोखली जाते, पण आधीचा जाड थर त्याने सुटत नाही, आणि महिनोन्‌महिने वापरल्यास दात तपकिरी पडतात.

थर काढला नाही तर काय होते, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या एका प्रयोगाने निर्विवाद दाखवले. दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. सुरुवातीला गोल जीवाणू, मग तंतूसारखे, आठवडाभरात मळसूत्री आकाराचे, अशी वस्ती पालटत गेली. पुन्हा घासणे सुरू करताच साधारण आठवड्यात हिरड्या पूर्ववत झाल्या. १९७३ मध्ये ल्यो यांच्याच गटाने दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या अंतराने दात साफ करायला लावले. दर ४८ तासांनी का होईना, पण पूर्ण स्वच्छता करणाऱ्यांच्या हिरड्या चांगल्या राहिल्या. ७२ तासांवर गेलेल्यांच्या सुजल्या. या दोन प्रयोगांतून निघणारी गोष्ट माझ्या मते या सबंध विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे : थर परत येणे थांबवायचे नसते, त्याला पिकू द्यायचे नसते. जोर लावून घासण्याने काही साधत नाही, उलट हिरडीजवळ दाताला खाच पडते. नेम महत्त्वाचा. दिवसातून दोनदा घासा असे सांगतात ते एवढ्यासाठी की एका वेळेला सगळा थर निघणे बहुतेकांना जमत नाही, आणि पेस्टमधले फ्लोराइड दाताला दोनदा मिळावे.

सुजलेल्या हिरडीतून झिरपणारा द्रव जीवाणूंना पोसतो, त्यामुळे तिच्या शेजारी थर अधिक वेगाने परततो. रक्त येते म्हणून तिथे घासणे टाळणारा माणूस नेमका उलटा उपाय करत असतो.

साखरेचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांत थराचा सामू (पीएच, आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो, दंतवल्कातली खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला तो सावरायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू साखरेपासून चिवट, न विरघळणारा गरही बनवतो. आंबापोळी, फणसपोळी, जत्रेतले गुळाचे खाजे हे पदार्थ दातांच्या खाचांत चिकटून बसतात, त्यामुळे तो अर्धा तास लांबत जातो. जेवणाबरोबर खाल्लेली आंबापोळी आणि दुपारभर येता-जाता तोंडात टाकलेले तिचे तुकडे यांत दाताच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

मऊ थरात लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट साचून तो दगडासारखा झाला की ते खरे किटण. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, ते सर्वांत जास्त चढते. ब्रशने ते निघत नाही. स्वतः किटण तितके घातक नाही. त्याच्या खडबडीत पाठीवर नवा थर झटकन बसतो, म्हणून ते काढून घ्यायचे.

कवळीवर

“कवळीक काय कीड लागणा नाय, मगे ती घासूची कित्याक?” असा प्रश्न मालवणी घरात सहज विचारला जातो. कवळीला कीड लागत नाही हे खरेच. पण तिच्यावर बसणारा थर माणसाच्या टाळूला चोवीस तास टेकलेला असतो.

स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सला कठीण पृष्ठभाग लागतो. सगळे दात काढलेल्या माणसाच्या तोंडातून तो जवळजवळ नाहीसा होतो, आणि कवळी बसवली की परत येतो. तोंडाला पुन्हा ‘दात’ आले हे जीवाणूंना लगेच कळते, ते दात कशाचे आहेत याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

आजच्या बहुतेक कवळ्या ॲक्रिलिकच्या, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटच्या असतात. हे द्रव्य १९३० च्या दशकात दंतवैद्यकात आले, त्याआधी कडक केलेले रबर वापरत. ॲक्रिलिक डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. वरची कवळी हातात घेऊन उलटी करून पाहा. ओठाकडची बाजू चकचकीत, आणि टाळूला लागणारी बाजू निस्तेज, टाळूच्या वळ्यांचे ठसे तसेच उमटलेली. ही आतली बाजू मुद्दाम पॉलिश करत नाहीत, कारण केली तर माप बिघडून कवळी सैल होईल. म्हणजे तोंडाला जी बाजू सर्वांत घट्ट चिकटते तीच सर्वांत खडबडीत राहते. अंगठ्याने ती चोळली की वळ्यांच्या खोबणींतून बुळबुळ लागते, आणि पाण्याखाली धरली तरी ती तशीच राहते.

जांभ्याची पायरी ज्याने पावसाळ्यात घासली आहे त्याला हे न सांगता समजेल. वरवर पायरी लाल, स्वच्छ दिसते. पण चिऱ्याच्या भोकांत शेवाळ उरलेले असते आणि दोन दिवसांच्या पावसात तिथूनच ते पुन्हा पसरते. घोटलेल्या काळ्या पाषाणावर तसे होत नाही. प्रयोगांत असे दिसले आहे की पृष्ठभागाचा खडबडीतपणा सुमारे ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की थर जास्त साचू लागतो. त्याच्या खाली कितीही घोटले तरी आणखी फायदा होत नाही.

कवळीवरच्या वस्तीत जीवाणूंच्या जोडीला एक बुरशी असते, कँडिडा अल्बिकन्स. ती ॲक्रिलिकला चांगली चिकटते, स्ट्रेप्टोकॉकस तिला चिकटतात, आणि तिचे तंतू थराला मांडवासारखा आधार देतात. वरच्या कवळीखाली लाळ फारशी खेळत नाही, त्यामुळे तिथले आम्ल धुतले जात नाही आणि ते या बुरशीला मानवते. टाळूवर कवळीच्याच आकाराचा लाल डाग उठतो. बहुधा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कळत नाही. यावर तोंडात लावायचे बुरशीनाशक दिले की लाली जाते आणि औषध संपल्यावर परत येते, कारण साठा टाळूत नसून कवळीच्या छिद्रांत असतो. कवळीवर उपचार न करता फक्त टाळूवर करणे म्हणजे विहिरीतला बेडूक तसाच ठेवून पाणी उपसणे.

धुण्याची रीत

कोकणात दात घासायला आंब्याचे पान, करंजाची किंवा कडुनिंबाची काडी, राखुंडी आणि, विशेषतः बायकांत, मिश्री चालत आली. काडी चावून तिचा कुंचला करण्यात घासण्याचे तत्त्व बरोबर आहे. मिश्रीचे तसे नाही : ती भाजलेली तंबाखू आहे, तिने हिरड्या मागे सरतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

कवळीच्या बाबतीत घात होतो तो भांडी घासायच्या सवयीमुळे. राख आणि नारळाची शेंडी पितळेला झकास, पण ॲक्रिलिकवर त्यांचे ओरखडे उठतात आणि प्रत्येक ओरखडा थराला नवी खोबण देतो. दातांची पेस्टही कवळीला खरखरीत पडते. मऊ ब्रश, साधा साबण किंवा भांड्यांचा द्रव साबण आणि गार किंवा कोमट पाणी पुरे. उकळते पाणी नको, त्याने कवळी वाकते. भिजवायच्या फसफसणाऱ्या गोळ्या चालतात, मात्र घासण्याऐवजी नव्हे, घासल्यानंतर. पातळ केलेले ब्लीच बुरशीवर गुणकारी आहे. पण त्यात १० मिनिटांहून अधिक ठेवू नये, नंतर खळखळून धुवावे, आणि धातूचा सांगाडा किंवा दाताला धरणारे धातूचे आकडे असलेल्या कवळीला ते अजिबात लावू नये. कवळीवर किटण चढले असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ते मऊ पडते.

खिडकीत ठेवलेला कवळीचा स्टीलचा पेला हा दुर्लक्षित भाग. पाणी तेच राहिले तर पेल्याच्या आतल्या भिंतीलाही बुळबुळ धरते आणि धुतलेली कवळी रात्रभर त्यातच मुरते. पाणी रोज बदलावे, पेलाही घासावा.

एक-दोन दातांची काढता-घालता येणारी पट्टी वापरणाऱ्यांनी उरलेल्या दातांकडे अधिक पाहावे. पट्टी ज्या दाताला टेकते त्याच्या मुळाशी थर साचतो, आणि तिथे कीड लागून आधाराचाच दात जातो.

रात्री कवळी काढून झोपावे, हा सल्ला सगळे देतात आणि फार थोडे पाळतात. घरात माणसे असली की तोंडाचे बोळके दाखवायला संकोच वाटतो. जपानमध्ये ८५ वर्षांवरील ५२४ व्यक्तींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त आढळला. झोपेत लाळेचे थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि थरातले जीवाणू त्यांच्याबरोबर जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हा धोका सर्वांत मोठा. मुलगे मुंबईला आणि घरात म्हातारा-म्हातारी दोघेच, अशा वाडीत तर दोघांपैकी जे उठू शकते त्याने दुसऱ्याची कवळी काढून घासायची, पेल्यात ठेवायची, आणि ओल्या मऊ फडक्याने टाळू, हिरड्या व जीभ पुसून घ्यायची.