विशीतली मुलं आणि ‘हे मी खात नाही’

वरण-भात, बटाटा आणि बिस्किटं यांपलीकडे काहीच न खाणारा विशीतला मुलगा घरात असला, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘लाडावून ठेवलंय’ आणि ‘दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल’. दोन्ही चुकीची आहेत. दुसरं तर धोक्याचंही आहे.

अनोळखी अन्न नाकारणं दोन ते सहा या वयात स्वाभाविक असतं. बहुतेक मुलं त्यातून बाहेर पडतात, काही पडत नाहीत. आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्या मुलांवर ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नवं अन्न टाळण्याच्या वृत्तीत मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७८ टक्के आनुवंशिकतेने स्पष्ट होतो, असं त्यात आढळलं. कोबी, मोहरीच्या कुळातल्या भाज्यांमधला कडवटपणा काहींना इतरांपेक्षा फार तीव्र लागतो. त्यामागे ‘टीएएस२आर३८’ या जनुकाचा मोठा वाटा आहे. पण पुष्कळांचं भांडण चवीशी नसतंच. भेंडीची बुळबुळ, वांग्याचा लिबलिबीतपणा, आमटीत मध्येच दाताखाली येणारा टोमॅटो यांनी त्यांना खरोखर उमासा येतो.

वजन ठीक आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हा समज मात्र सोडायलाच हवा. ब्रिस्टलमधल्या एका मुलाची हकिगत २०१९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. प्राथमिक शाळेपासून तो तळलेले बटाटे, वेफर्स, पांढरा ब्रेड आणि थोडं प्रक्रिया केलेलं मांस एवढ्यावरच जगत होता. उंची, वजन दोन्ही सामान्य. चौदाव्या वर्षी थकवा येतो म्हणून तपासलं तर बी-१२ कमी. पुढे ऐकू कमी येऊ लागलं, नजर मंदावली. सतराव्या वर्षापर्यंत दृष्टिमज्जातंतूला कायमची इजा झाली होती. इतकं टोकाचं क्वचितच घडतं. पण यकृतातला बी-१२चा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा आणि गुपचूप उघडी पडते. अशा मुलांचं हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं.

शरीराइतकाच मनावरही भार पडतो, आणि त्याची दखल कोणी घेत नाही. हॉस्टेलची मेस, मित्रांबरोबरची सहल, लग्नाची पंगत, ऑफिसातला डबा: प्रत्येक ठिकाणी ‘अरे, घे ना!’ असतंच. मग ही मुलं ‘आत्ताच जेवून आलो’ म्हणतात, पुढे जाणंच टाळतात. निवडक खाणाऱ्या प्रौढांमध्ये सामाजिक भीती आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. यातल्या तीव्र प्रकाराला २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ‘आर्फिड’ असं स्वतंत्र नाव आहे. ‘बारीक व्हायचंय’ हा विचार त्यात नसतो.

आग्रहाने उलटंच होतं. अमेरिकेत बालवाडीच्या मुलांना ‘सूप संपव’ म्हणून टोकत राहिल्यावर ती सूप कमी प्यायली आणि त्याबद्दल वाईट जास्त बोलली. २००६ सालचा हा प्रयोग आहे. वीस वर्षं तसंच ऐकलेल्या तरुणाच्या ताटात आणखी एक चमचा भाजी ढकलून काय साधणार?

उपचार करणारे त्याच्या आवडीपासून सुरुवात करतात. फक्त विकतचे वेफर्स खाणाऱ्याला आधी दुसऱ्या कंपनीचे, मग घरी तळलेले काप, मग तव्यावर परतलेले, मग रताळ्याचे. एकेका पायरीला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि ‘आज नको’ म्हणायची मुभा शेवटपर्यंत त्याच्याकडेच असते.