सरकारी डेटा वापरण्याची परवानगी: कुणाला, कशी आणि कोणत्या अटींवर

लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव स्वतःच्या ॲपवर दाखवायचे आहेत, तर परवानगी कुणाकडे मागायची? डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्राच्या संकेतस्थळावरचे बाजारभाव घेत असाल, तर कुणाकडेच नाही. ती परवानगी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये राजपत्रात ‘सरकारी मुक्त डेटा परवाना - भारत’ प्रसिद्ध करून आधीच दिलेली आहे. लोकांच्या पैशातून गोळा झालेली माहिती लोकांना वापरता यावी, हे २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणातले तत्त्व त्यामागे आहे.

या परवान्याला पात्रतेची अट नाही. विद्यार्थी, पत्रकार, शेतकरी कंपनी, परदेशातली संस्था, कुणीही चालेल. शुल्क नाही. डेटा छापता येतो, मराठीत आणता येतो, त्यावरून नकाशे किंवा विकाऊ सेवाही बनवता येते. फायली थेट उतरवून घ्या. भाव आपोआप ताजे व्हायला हवे असतील, तर खाते उघडून एपीआय की, म्हणजे ॲपला संकेतस्थळावरून डेटा थेट मागवू देणारी सांकेतिक किल्ली, घ्या.

अटी मात्र काटेकोर पाळा. डेटा देणाऱ्या विभागाचे नाव, स्रोताचा दुवा आणि परवान्याचे नाव ठळकपणे द्यावे लागते. आपल्या कामाला सरकारची मान्यता आहे असे भासवता येत नाही. आकडे चुकले किंवा पुरवठा थांबला, तरी सरकार जबाबदार नसते. वैयक्तिक माहिती, संवेदनशील डेटा, बोधचिन्हे, ओळखपत्रे आणि इतरांचे बौद्धिक संपदा हक्क असलेली सामग्री या परवान्यात येत नाही. अटी मोडल्या की परवानाच संपतो.

हवा तो डेटा तिथे नसेल तर

मग माहिती अधिकार कायदा, २००५. इथे अर्जदार भारतीय नागरिक असावा लागतो. महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना भरा, त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशाला हवी हे सांगण्याची गरज नाही. तसे विचारले गेल्यास कलम ६(२) दाखवा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा.

अर्जाची खरी गोम शब्दरचनेत आहे. ‘पाणीपुरवठ्याची माहिती द्यावी’ असे लिहिले की छापील कागदांचा गठ्ठा मिळतो, आणि त्यातले आकडे पुन्हा हाताने टाइप करावे लागतात. म्हणून कालावधी, तालुका, रकाने नेमके लिहा आणि ‘एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल स्वरूपात द्यावी’ असे स्पष्ट मागा. कलम २(ञ) नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवणे हा हक्क आहे. कलम ७(९) सांगते की माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. त्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार खर्ची पडणार असेल किंवा अभिलेखाला धोका असेल, तरच अपवाद.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

एक फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. माहिती अधिकारात मिळालेल्या फाइलला वरचा परवाना आपोआप लागू होत नाही. सरकारी प्रकाशनांवर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार सामान्यतः सरकारचा हक्क असतो, प्रकाशनानंतर ६० वर्षे. माहिती वाचणे, त्यातील तथ्ये बातमीत वा अभ्यासात मांडणे वेगळे. पूर्ण अहवाल किंवा नकाशे जसेच्या तसे पुन्हा प्रसिद्ध करणे वेगळे. तसे करायचे असेल तर संबंधित विभागाला स्वतंत्र पत्र लिहून पुनर्वापराची लेखी परवानगी घ्या. त्याच पत्रात हा डेटा सर्वांसाठी खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याची विनंतीही जरूर करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(२) नुसार कार्यालयांनी स्वतःहून जास्तीत जास्त माहिती वेळोवेळी, इंटरनेटसह, लोकांपुढे ठेवण्याचा सतत प्रयत्न करायचा असतो; त्या कलमाचा उल्लेख पत्रात असू द्या.