फॉन्ट बिघडलाय की फॉन्ट जुळत नाहीये?

“फॉन्ट करप्ट झालाय, जरा बघता का?” असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: स्क्रीनवरची खिडकी बंद करायची फुली नीट दिसतेय का? समोरचा वैतागतो. त्याला मराठी पत्र वाचायचं असतं, फुलीशी काय देणंघेणं! पण निम्मं निदान त्या फुलीतच असतं.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये खिडकी लहान, मोठी आणि बंद करायच्या बटणांवरच्या खुणा म्हणजे मार्लेट नावाच्या फॉन्टमधली अक्षरं होती. शून्याच्या जागी आडवी रेघ काढलेली, एकाच्या जागी चौकट, स्मॉल आरच्या जागी फुली. मार्लेट हातचा गेला की बटणांवर शून्य, एक आणि चक्क आर उमटायचा. ज्यांनी हे पाहिलंय ते विसरले नसतील. मशीनला व्हायरस लागला म्हणून फॉरमॅट मारून मोकळे झालेलेही मला माहीत आहेत. बिघाड एवढाच, की आरचा कोड शाबूत होता आणि त्यावर चढवायचं चित्र सापडत नव्हतं.

आता दुसरं दृश्य. छापखान्यातून पेन ड्राइव्हवर आणलेली पत्रिका घरी उघडली, तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी इंग्रजी अक्षरं. इथे काहीही बिघडलेलं नाही. पत्रिका कृतिदेव या मराठी फॉन्टमध्ये केलेली, आणि त्यात ‘म’चं चित्र ईच्या जागेवर बसवलंय, ‘र’चं जेच्या, कान्याचं केच्या. फाइलमध्ये पहिल्यापासून इंग्रजी अक्षरंच साठवलेली होती. छापखान्यात त्यांच्यावर मराठी मुखवटा होता, घरी नाही. म्हणजे हीसुद्धा मार्लेटचीच गोष्ट. म्हणून तर दोन्हींची गल्लत होते. उपाय मात्र अगदी वेगळे.

ओळखायचं कसं? मी कचऱ्याला शिस्त आहे का ते बघतो. ‘म’ जिथे जिथे असायला हवा तिथे दर वेळी ईच येत असेल, मेनू आणि नोटपॅड ठणठणीत असतील, मशीन बंद-चालू करूनही काही फरक पडत नसेल, तर फॉन्ट जुळत नाहीये. मजकूर सुखरूप आहे. उलट मेनूतली अक्षरं अर्धी गायब, आज एरियलमध्ये चौकोन तर उद्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये, खिडकी सरकवली की अक्षरं बदलतात, असा बेशिस्त कारभार असेल तर मशीनचं दुखणं आहे.

मशीनचं दुखणं विंडोज एक्सपीवर बहुतेकदा दहा मिनिटांत बरं होतं. विंडोज फॉन्टची माहिती सिस्टम३२ फोल्डरमधल्या ‘एफएनटीकॅश’ नावाच्या डॅट फाइलमध्ये जपून ठेवतं. लाइट गेली, मशीन धाडकन बंद पडलं, की ही फाइल अर्धवट राहू शकते. ती उडवायची आणि मशीन पुन्हा चालू करायचं. विंडोज नवी बनवून घेतं. ९८ वर विंडोज फोल्डरमध्येच लपवलेली ‘टीटीएफकॅश’ असते, तिलाही हाच न्याय. तरीही एखादाच फॉन्ट हट्ट करत असेल तर फॉन्ट्स फोल्डरमध्ये त्यावर डबल क्लिक करा. नमुन्याची वाक्यं दिसली तर फाइल बहुधा बरी आहे. उघडतच नसेल तर ती काढून चांगल्या प्रतीवरून पुन्हा टाका. विंडोजचेच फॉन्ट गेले असतील तर ‘एसएफसी स्कॅननाउ’ ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवायची, तेव्हा एक्सपीची सीडी जवळ लागते. सीडी कुठे आहे, हा प्रश्न आधी घरात विचारून ठेवा.

न जुळणाऱ्या फॉन्टवर हे सगळं करणं म्हणजे पाय मुरगळला म्हणून चष्मा बदलणं. तिथे हवा असतो तोच फॉन्ट, नेमक्या त्याच नावाचा. ‘कुठलातरी मराठी’ चालत नाही, कारण शिवाजी नावाच्या फॉन्टची मांडणी वेगळी, कृतिदेवची वेगळी. आणि घाईत सगळं सिलेक्ट करून मंगल लावू नका. मंगल युनिकोडचा, म्हणजे मराठी अक्षरांना इंग्रजीपेक्षा स्वतःचे वेगळे कोड देणाऱ्या पद्धतीचा आहे. त्याला ई म्हणजे ईच दिसणार. त्याहून वाईट म्हणजे त्या अवस्थेत मजकुराला हात लावणं. वर्डला वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची खोड असते. कृतिदेवमध्ये स्मॉल ई म्हणजे ‘म’, कॅपिटल ई म्हणजे अर्धा ‘म्’. मग योग्य फॉन्ट लावल्यावर ‘मराठी’ची ‘म्राठी’ झालेली दिसते. आत्तापर्यंत बरा असलेला मजकूर आता मात्र खरंच बिघडलेला असतो.

कायमचा इलाज म्हणजे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणणं. त्यातही डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. ‘सुऱ्या’मधला ऱ्या आणि ‘सूर्या’मधला रफार तर हमखास वाचून बघा.

एक तिसरा भिडूही आहे, तोही करप्टच्या नावाखाली खपतो. एक्सपीवर युनिकोड मराठी उघडलं की ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी. कंट्रोल पॅनलमध्ये प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा चौकोन टिक करा, सीडी घाला, झालं.

माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात अजून एक्सपीचं मशीन रोज चालतं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच थांबवला, पण जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालायला मशीनला जोडावी लागणारी किल्ली, लागतं ते जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला, आणि तो पोर्ट नव्या मशीनला नाही. तिथे आम्ही तीन गोष्टी केल्या. मशीनला यूपीएस लावला. फॉन्ट्स फोल्डरमधली जत्रा हटवली. लागतील तेवढेच ठेवले, बाकीचे सीडीवर. (९८ वर तर सुमारे हजार फॉन्टच्या पुढे विंडोजच डुगडुगायचं.) आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलच्या नावातच फॉन्टचं नाव घालायचं, सोबत फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच भरलेली, पीडीएफ द्यायची. ही तिसरी सवय लावायला सगळ्यात जास्त वेळ गेला. परवा मालकांनी स्वतः फाइल पाठवली, नाव होतं ‘जोशी पत्रिका शिवाजी’. गिऱ्हाइकाचा लगेच फोन, “आमच्यात शिवाजी कोणी नाही, नाव चुकलंय.”