नो क्लेम बोनस गाडीचा नाही, मालकाचा

गाडीचा विमा संपत आला की दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कोटेशन येतं आणि पहिली शंका मनात येते ती हीच: इतकी वर्षं क्लेम न घेता जमवलेला बोनस जुन्या कंपनीकडेच राहणार का? नाही. कंपनी बदलली तरी हा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाबरोबर जातो. ही कुठल्या कंपनीची मेहेरबानी नव्हे, यामागे जुना नियम आहे.

१९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण अमलात आलं आणि शंभरावर कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या उरल्या. मोटार विम्याचे दर टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवायची. चारही ठिकाणी भाव एकच, मग कंपनी बदलून वाचणार काय? २००० पासून खासगी कंपन्या आल्या, तरी दर बांधलेलेच होते. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडिया मोटर टॅरिफने, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमावलीने, बोनसच्या आजच्या पायऱ्या ठरवल्या: क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५०. त्याआधी ५५ आणि ६५ टक्केही मिळत. ज्यांनी ते कमावले होते त्यांचे पुढचा क्लेम येईपर्यंत राखले गेले.

बोनस गाडीला चिकटत नाही, हेही याच टॅरिफमध्ये आहे. गाडी विकली तर घेणाऱ्याला तुमची सूट मिळत नाही. पॉलिसी त्याच्या नावावर करताना उरलेल्या मुदतीच्या सवलतीची रक्कम त्याला भरावी लागते. तुम्ही मात्र जुन्या कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत नव्या गाडीवर ती सूट लावू शकता. जुनी गाडी देऊन नवी घेताना हे प्रमाणपत्र मागायचं राहून जातं आणि हक्काचे पैसे जातात, याची मला फार हळहळ वाटते. एक अपवाद आहे: मालक वारला आणि गाडी जोडीदाराकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे राहिली, तर बोनसही त्यांच्याकडे जातो.

१ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे, म्हणजे ओन डॅमेजचे, दर मोकळे झाले. कंपनी बदलण्यात खरा फायदा दिसू लागला तो तेव्हापासून. बोनस लागतो तोही याच भागावर, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यावर नाही.

पण नव्या कंपनीला तुमचा इतिहास कळणार कसा? जुन्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस दाखवायची, नाहीतर लेखी घोषणा करायची. त्या घोषणेत स्पष्ट लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचे सगळे लाभ जप्त होतील. टॅरिफने एवढ्यावर भागवलं नव्हतं: नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला नोंद होणाऱ्या टपालाने पत्र पाठवायचं आणि जुनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. म्हणून फॉर्म दुसरा कोणी भरत असेल तरी त्यातला टक्का स्वतः वाचा. अपघातानंतर अडकतो तो मालक.

मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर बोनस शून्यावर येतो. क्लेम घेतला तरी शून्यच, आणि तो केवढ्याला पडतो ते पाहा. ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० रुपये आणि सूट ५० टक्के धरू. क्लेमनंतर पहिल्या वर्षी ५,००० रुपये जास्त जातात, पुढे अनुक्रमे ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००. एकूण १२,५००. आठ हजारांच्या बंपरसाठी क्लेम करू नये तो यामुळेच.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. चालू पॉलिसीवर छापलेला टक्का हा गेल्या नूतनीकरणाला मिळालेला असतो. तिथे २५ दिसत असेल आणि यंदा क्लेम नसेल, तर नव्या कंपनीकडे ३५ मागायचे.