ख्रिसमस कॅक्टस की ईस्टर कॅक्टस? पेराचं टोक बघा

टांगत्या कुंडीतून चपट्या हिरव्या पेरांच्या माळा खाली सोडणारं, बोचणारे काटे नसलेलं एक छोटं झाड नर्सरीत ‘ख्रिसमस कॅक्टस’ म्हणून मिळतं. त्याच नावाने कधीकधी दुसरंच झाड हातात पडतं, ते म्हणजे ईस्टर कॅक्टस. फूल नसताना दोन्ही इतकी सारखी दिसतात की विकणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. मग डिसेंबर कोरडा जातो. झाड फुलत नाही म्हणून खत वाढवलं जातं, कुंडी उन्हात सरकवली जाते, आणि धडधाकट झाड बिघडायला लागतं. खरं तर त्या झाडाची फुलायची वेळच मार्च-एप्रिलमधली असते.

लेबलावर विसंबून उपयोग नाही. ईस्टर कॅक्टसला आजवर हॅटिओरा, रिप्सॅलिडॉप्सिस आणि श्लुम्बर्गेरा अशी तिन्ही प्रजातिनावं (शास्त्रीय नावातला पहिला शब्द) लागलेली आहेत, आणि त्यातलं शेवटचं तर ख्रिसमस कॅक्टसचंही आहे. भरवशाची खूण झाडावरच असते.

टोक आणि कडा

ज्यांना सगळे पानं म्हणतात ती पानं नव्हेत. ते चपटं झालेलं खोड आहे, उसासारखं पेरापेरांचं. माळेच्या अगदी टोकाचं, पूर्ण वाढलेलं एक पेर बोटांत धरून उजेडासमोर न्या.

ख्रिसमस कॅक्टसच्या पेराच्या दोन्ही कडांना दोन-तीन टोकदार दात असतात आणि ते पुढच्या बाजूला वळलेले असतात. पेराचा शेंडा सरळ कापल्यासारखा असतो आणि त्याच्या दोन कोपऱ्यांवर दोन शिंगं. खेकड्याची नांगी डोळ्यांसमोर आणा, तसाच आकार. ‘ट्रंकाटा’ या त्याच्या जातिनावाचा लॅटिन अर्थही ‘छाटलेला’ असाच आहे.

ईस्टर कॅक्टसच्या कडा नागमोडी असतात, दात नसतात. शेंडा गोलसर, आणि त्या शेंड्यावर बारीक तपकिरी केसांचा झुबका. बोटाचं टोक हळूच फिरवलं की दात घासायच्या ब्रशसारखा खरखरीतपणा लागतो. हीच पक्की खूण. कोवळ्या पेरांच्या कडा बऱ्याचदा लालसर असतात, आणि एखादं पेर चपटं न राहता तीन-चार धारांचंही निघतं.

दात नाहीत, कडा गोलसर आहेत आणि केसही जवळपास नाहीत, असं तिसरंही एक झाड आहे. ते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेलं बकलेई हे संकरित वाण. काटेकोरपणे बोलायचं तर ‘ख्रिसमस कॅक्टस’ हे नाव त्याचंच. नांगीवाल्या ट्रंकाटाला अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग कॅक्टस’ म्हणतात, कारण तिथे तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या त्या सणासुमारास फुलतो. आपल्याकडे बाजारात येतो तो बहुतेक ट्रंकाटाच. या दोघांची निगा जवळपास एकच असल्यामुळे इथे ख्रिसमस कॅक्टस म्हणजे ट्रंकाटा असंच धरलं आहे.

फूल आलं की मग शंकाच राहत नाही. ख्रिसमस कॅक्टसचं फूल सहा-आठ सेंटिमीटर लांब, एका फुलातून दुसरं फूल निघाल्यासारखं दुमजली. पाकळ्या मागे मुरडलेल्या, पुंकेसर आणि त्यांच्या पुढे आलेला गुलाबी-लाल स्त्रीकेसर बाहेर डोकावणारा, परागकण पिवळे. फूल आडवं धरलेलं असतं आणि वरची बाजू खालच्या बाजूसारखी नसते. ब्राझीलमध्ये त्यावर हमिंगबर्ड येतात, त्यांच्या चोचीला सोयीचा असा हा घाट आहे. ईस्टर कॅक्टसचं फूल चांदणीसारखं, सगळीकडून सारखं, चार-पाच सेंटिमीटरचं, मूळ जातीत लालभडक. ते दिवसा उमलतं, रात्री मिटतं आणि सकाळी पुन्हा उघडतं.

दोघांचं माहेर जंगलात

कॅक्टस म्हटलं की वाळू आणि कडक ऊन असा समज होतो, आणि या दोन्ही झाडांचं सर्वात जास्त नुकसान त्या समजाने होतं. दोघंही ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या दमट डोंगरी जंगलातले. ख्रिसमस कॅक्टस रिओ दि जानेरोजवळच्या सेर्रा दोस ऑर्गाओस डोंगरांतला, तर ईस्टर कॅक्टस त्याहून दक्षिणेकडच्या, जास्त थंड पट्ट्यातला. झाडाच्या बेचक्यात किंवा खडकाच्या खाचेत साचलेल्या कुजक्या पाचोळ्यात ते वाढतात. सह्याद्रीत सीतेची वेणी जशी फांदीवर राहते तसेच. बांडगुळासारखा झाडाचा रस ते शोषत नाहीत, नुसता आधार घेतात.

म्हणून त्यांना पानांतून गाळून आलेला उजेड लागतो. पूर्वेच्या गॅलरीतलं सकाळी नऊपर्यंतचं ऊन चालतं, दुपारचं मुळीच नाही. पेरं जांभळट-लाल पडायला लागली तर बहुधा ऊन जास्त होतंय. मुळांना ओल हवी आणि हवाही हवी. त्यासाठी दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं पानकुजीचं खत, एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि एक भाग बोटाच्या पेराएवढे कोळशाचे किंवा सालीचे तुकडे असं मिश्रण करा. परलाइट नसेल तर विटेचे चार-सहा मिलिमीटरचे खडे चालतात. कोकोपीट धुण्याचा कंटाळा करू नका, त्यातल्या मिठाने ईस्टर कॅक्टसची मुळं आधी जळतात. लावायच्या तीन ते पाच तुकड्यांना चार इंची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते.

फुलण्याचं गणित

कळी धरायला ख्रिसमस कॅक्टसला लांब, अखंड काळोखाच्या रात्री लागतात. रोज किमान बारा आणि शक्यतो तेरा-चौदा तास काळोख, तोही सलग सहा आठवडे. ही गोष्ट आपल्याकडे का अडते ते बघा. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातली सर्वात मोठी रात्रही तेरा तासांच्या आसपासच असते, आणि ऑक्टोबरमध्ये ती बाराच्या थोडी वर असते. युरोपात निसर्ग जो काळोख मोकळ्या हाताने देतो तो आपल्याला जेमतेम काठावर मिळतो. त्यात संध्याकाळी सातला गॅलरीची ट्यूब लागली की गणित कोलमडतं.

त्याच सहा आठवड्यांत दिवाळी येते. आकाशकंदील नेमका गॅलरीत, टांगत्या कुंडीच्या शेजारी लागतो आणि अनेक घरांत तो तुळशीच्या लग्नापर्यंत, कुठे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज रात्री जळतो. झाडाला कळायलाच वाव राहत नाही की रात्री मोठ्या झाल्या. कंदील अर्थातच काढायचा नाही, कुंडी हलवायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी सहाला तिच्यावर पुठ्ठ्याचा मोठा खोका पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा. दिवसा नेहमीसारखा उजेड द्यायचा. किंवा रात्री दिवाच लागत नाही अशा खोलीच्या खिडकीत ती ठेवून द्यायची. एखाद्या रात्री चुकलं तर बिघडत नाही, पण रोज रात्री तासभर दिवा लागत असेल तर सगळी मेहनत पाण्यात. कळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसल्या की खोका थांबवा. काळोख सुरू केल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण दहा ते बारा आठवडे जातात.

थंडी या हिशेबात मोठी सूट देते. रात्रीचं तापमान १३-१५ अंशांखाली टिकलं तर दिवे असले तरी ख्रिसमस कॅक्टस कळी धरतो. २४ अंशांवर राहिलं तर काळोख देऊनही तो सहसा धरत नाही. नाशिक-पुण्याकडे कुणी काहीच न करता जानेवारीत झाड फुलतं आणि मुंबईत तेच झाड वर्षानुवर्षं हिरवंगार नुसतं वाढत राहतं, त्याचं कारण हे. मुंबई-गोव्यात खोका टाळता येत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी घरांत रात्री बाहेर थंड आणि लांब असतात, पण हीटर आणि दिवाणखान्याचे दिवे दोन्ही फायदे काढून घेतात. तिथे न तापवलेल्या खोलीची खिडकी उत्तम.

ईस्टर कॅक्टसचा हट्ट जास्त आहे. त्याला लांब रात्रींबरोबर थंडीही हवीच, १० ते १५ अंशांच्या रात्री, आणि त्या आठ ते बारा आठवडे. त्यानंतर हवा उबदार झाली की कळ्या दिसतात. पुणे, नाशिक, महाबळेश्वर इथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा मेळ बसतो. कोकणपट्टीत ईस्टर कॅक्टस फुलवणं खरंच अवघड आहे. तिथे राहत असाल तर नांगीवालंच झाड घ्या, असाच आमचा स्पष्ट सल्ला. थंडीच्या त्या आठवड्यांत ईस्टर कॅक्टसला पाणी कमी, पण माती ठणठणीत कोरडी होऊ द्यायची नाही. मार्चमध्ये कळ्या दिसतात तेव्हा दुपारचा पारा चढू लागलेला असतो, म्हणून कुंडी लगेच घरातल्या सर्वात गार, उत्तरेच्या खिडकीत न्यायची आणि मग तिथून हलवायची नाही.

कळ्या गळतात तेव्हा

दोघांचीही ही मोठी तक्रार. कुंडी उचलून दुसरीकडे ठेवणं, माती एकदम सुकणं, पंख्याचा किंवा एसीचा थेट झोत, २८-३० अंशांवरची खोली, यांतलं एकही पुरतं. आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पिकणारी केळी, आंबे, चिकू इथिलीन वायू सोडतात आणि ख्रिसमस कॅक्टसच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. फळांची टोपली आणि कुंडी एका टेबलावर ठेवू नका.

पाणी, खत, पावसाळा

वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकली की तळातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीतलं पाणी ओतून टाका. पेरं लुळी पडली की लोक आणखी पाणी घालतात. इथे थांबून कुंडी हातात तोलून बघायला हवी. हलकी असेल तर तहान आहे. जड असूनही पेरं लुळी असतील तर मुळं कुजली आहेत आणि पाणी घातलंत तर झाड जाईल. ख्रिसमस कॅक्टस अशा चुकीनंतर बहुतेकदा सावरतो. ईस्टर कॅक्टस सांध्यांतून पेरं गाळून टाकायला लागतो, एका आठवड्यात अर्धं झाड खाली. बोअरच्या जड पाण्याचा त्रासही त्यालाच आधी होतो. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर त्याला ठेवा.

पावसाळ्यात दोन्ही कुंड्या छपराखाली हव्यात. दिवसेंदिवस भिजलेल्या कुंडीत बुरशी बुंध्याशी शिरते, पेर तपकिरी आणि मऊ पडतं. तेवढा भाग लगेच काढून टाकायचा.

खत म्हणून पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ख्रिसमस कॅक्टसला मार्चच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत. त्यानंतर बंद, नाहीतर ऑक्टोबरमध्ये कळीऐवजी नवी पेरं फुटतात. ईस्टर कॅक्टसला याच्या निम्मं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. सप्टेंबर अखेरीस ख्रिसमस कॅक्टसच्या टोकांवरची एक सेंटिमीटरहून लहान कोवळी पेरं खुडून टाका. कळी पक्व पेरावरच येते, त्यामुळे फुलं जास्त आणि एकसारखी येतात. ईस्टर कॅक्टसवर हा प्रयोग करू नका.

पिठ्या ढेकूण दोघांच्याही सांध्यांत दडतो. कापसाच्या बोळ्याला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसला की जातो, दर आठवड्याला तीनदा पाहणी करा.

कुंडी बदलणं आणि नवी रोपं

दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलायची, फुलं संपल्यावर. ख्रिसमस कॅक्टसची फेब्रुवारीत बदलता येते. ईस्टर कॅक्टसची फुलं एप्रिलमध्ये संपतात आणि पुढे मे असतो, तेव्हा त्याला हात लावू नका. पहिल्या पावसानंतर हवा गार झाली की जूनमध्ये बदला.

नवं रोप करायला दोन-तीन पेरांचा तुकडा सांध्यावर पीळ देऊन सोडवायचा. सुरीची गरज नाही. दोन दिवस सावलीत ठेवला की जखम सुकते. मग खालच्या पेराचा सेंटिमीटरभर भाग ओलसर मिश्रणात खोचायचा आणि मुळं धरेपर्यंत नुसता फवारा द्यायचा. ख्रिसमस कॅक्टस तीन-चार आठवड्यांत मूळ धरतो. ईस्टर कॅक्टसला दुप्पट वेळ लागू शकतो, आणि त्याची मुळं मुळातच नाजूक. म्हणून काही जण त्याचं एक पेर ड्रॅगन फ्रूटच्या वीतभर दांड्यावर कलम करतात. दांड्याच्या शेंड्याला उभी चीर द्यायची, पेराच्या खालच्या टोकाची साल दोन्ही बाजूंनी तासून ते चिरेत बसवायचं, एखादा स्वच्छ काटा आरपार टोचून धरून ठेवायचं, आणि दोन-तीन आठवडे त्या जागेवर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही.