ग्रीवा रोहिणींचे अरुंदीकरण आणि रक्तातील जैवसूचक

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या ग्रीवा रोहिणींच्या (डॉक्टरांच्या बोलण्यात ‘कॅरोटिड’) आतल्या अस्तरात मेद, कॅल्शियम आणि दाहपेशी साचून त्या अरुंद झाल्या, की पक्षाघाताचा धोका वाढतो. साचलेला हा थर, म्हणजे प्लाक, कितपत धोक्याचा आहे याचा अंदाज देणारे आणि रक्तात मोजता येणारे पदार्थ हे या विकाराचे जैवसूचक होत. सोलापूर भागात पक्षाघाताला लकवा म्हणतात. ‘अंगावरून वारं गेलं’ असेही सांगतात. तपासणीच्या पॅकेजमध्ये आता एचएस-सीआरपी, होमोसिस्टीन, लायपोप्रोटीन-ए ही नावे दिसू लागली आहेत. अहवालात ठळक छापलेला आकडा पाहून कुणी हबकतो, तर सगळे आकडे मर्यादेत दिसले म्हणून कुणी रक्तदाबाची गोळी सोडून देतो. या चाचण्या काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे म्हणूनच नीट समजून घ्यायला हवे.

ग्रीवा रोहिणी साधारणपणे स्वरयंत्राच्या वरच्या कडेजवळ दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदू आणि डोळ्याकडे. दुभंगाजवळच्या फुगीर भागात रक्ताचा प्रवाह सरळ न जाता घोटाळतो आणि नेमका तिथेच प्लाक धरतो. वर्षानुवर्षे त्याची काहीच जाणीव होत नाही. पुढे पक्षाघात होतो तो बहुधा रोहिणी पूर्ण बुजल्याने नव्हे. प्लाकवरचे तंतुमय आवरण फाटते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि तिचे तुकडे मेंदूत जाऊन अडकतात. त्यामुळे अरुंदीकरणाच्या टक्क्यांवरून अर्धेच चित्र कळते. आवरण पातळ असलेला, आतून दाह पेटलेला ५० टक्क्यांचा प्लाक हा कॅल्शियमने घट्ट झालेल्या ८० टक्क्यांच्या प्लाकपेक्षा घातक ठरू शकतो.

टक्के ठरवायला डॉपलर सोनोग्राफी पुरते. पाइपाच्या तोंडावर बोट दाबले की धार जोरात उडते, तसा अरुंद जागेतून रक्ताचा वेग वाढतो. हा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर गेला, तर अरुंदीकरण ५० टक्के किंवा अधिक आणि २३० च्या वर गेला, तर ७० टक्के किंवा अधिक मानतात. प्लाक शांत आहे की खवळलेला, हे मात्र वेगावरून कळत नाही. जैवसूचकांचा शोध सुरू झाला तो या उणिवेपोटी.

सर्वांत जास्त अभ्यास झाला तो सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा, म्हणजे सीआरपीचा. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले हे प्रथिन यकृतात तयार होते. अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या एचएस-सीआरपी चाचणीत लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असे धरतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ज्युपिटर’ या औषध-चाचणीत कोलेस्टेरॉल फारसे नसलेल्या, पण एचएस-सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १७,८०२ व्यक्ती घेतल्या होत्या. त्यांच्यापैकी रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे, स्टॅटिन गटातले औषध घेणाऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळपास निम्मे राहिले. तरीही सीआरपी स्वतः रोहिणी बिघडवते, असे जनुकीय अभ्यासांतून दिसलेले नाही. ती साक्षीदार आहे. तिच्या निर्मितीची आज्ञा देणारा इंटरल्यूकिन-६ हा रेणू मूळ कारणाच्या अधिक जवळ आहे. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत दाह कमी करणाऱ्या इंजेक्शनने कोलेस्टेरॉल तसेच राहूनही हृदयविकारादी घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. फक्त पक्षाघाताचा विचार केला, तर तेवढा स्पष्ट फायदा दिसला नाही.

सीआरपी सहज फसवते. हिरड्यांचा पू, पायाची जखम, डेंगू किंवा चिकुनगुन्याचा ताप, साधा खोकला, यांपैकी कशानेही ती चढते. आकडा १० च्या वर आला, तर आजार ओसरल्यावर दोनतीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. तापातल्या रुग्णाची नेहमीची सीआरपी ही वेगळी चाचणी आहे. तिच्या आकड्यावरून मानेच्या रोहिणीबद्दल काहीही बोलता येत नाही.

लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, हा सूचक भारतीयांनी अधिक गांभीर्याने घ्यावा असा आहे. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो शोधला. त्याची पातळी मुख्यतः जनुकांवर ठरते आणि जन्मभर फारशी बदलत नाही, म्हणून ही चाचणी सहसा आयुष्यात एकदा केली तरी चालते. उपाशी राहावे लागत नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वरची पातळी जास्त मानतात. दक्षिण आशियाई लोकांत ती युरोपीयांपेक्षा अनेकदा अधिक आढळते. आहार, व्यायाम किंवा स्टॅटिनने ती उतरत नाही. मग मोजायची कशाला? ज्याची पातळी चढी आहे त्याने एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि तंबाखू या हातातल्या गोष्टींबाबत जास्त कडक राहावे आणि भावंडांनी व मुलांनीही तपासून घ्यावे, एवढ्यासाठी.

होमोसिस्टीनची गोष्ट आपल्या ताटापाशी येऊन थांबते. ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट कमी पडले, की हे अमिनो आम्ल रक्तात साचते. शाकाहारी घरांत, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि तंबाखू ओढणाऱ्यांत ते चढलेले सापडते. पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मधील अभ्यासात दर तिघांपैकी सुमारे दोघांत ब-१२ कमी निघाले होते. भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी या जेवणात ब-१२ नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून ते मिळते. जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरते, पण पक्षाघात टळतो का, यावर चाचण्यांचे एकमत नाही. २००४ च्या ‘व्हिस्प’ चाचणीत फायदा दिसला नाही, तर २०१५ मध्ये चीनमधील उच्चरक्तदाबाच्या रुग्णांत फोलिक आम्लाने पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण घटले. ब-१२ ची कमतरता मात्र मज्जातंतूंसाठीही भरून काढायलाच हवी.

नमुना हाताळण्यातली एक अडचण इथे मोलाची आहे. रक्त काढून ठेवले, तर लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि सामान्य तापमानाला पातळी ताशी सुमारे १० टक्क्यांनी वाढते. करमाळा किंवा अक्कलकोटला काढलेला नमुना बर्फाविना, पेशी वेगळ्या न करता चाळीस अंशांच्या उन्हातून सोलापूरला आला, तर निरोगी माणसाचाही अहवाल बिघडलेला येईल.

प्लाकचे आवरण कुरतडणारे एमएमपी-९ विकर (एन्झाइम), एलपी-पीएलए२, फायब्रिनोजेन, डी-डायमर, मायक्रो-आरएनए हे संशोधनातले सूचक आहेत. एलपी-पीएलए२ ला रोखणारे डॅराप्लॅडिब हे औषध २०१४ मध्ये मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले. एमएमपी-९ ची पातळी तर रक्त घ्यायला नळी कोणती वापरली यावरही बदलते. रोजच्या उपचारासाठी यांच्यावर पैसे घालण्याचे कारण नाही.

या सर्व सूचकांना एक समान मर्यादा आहे: बिघाड कोठे आहे ते त्यांना सांगता येत नाही. हृदयाची, पायाची आणि मानेची रोहिणी यांचा दाह रक्तात एकत्रच मिसळतो. शिवाय भारतीयांत कवटीच्या आतल्या रोहिणी अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आहे. मानेचे डॉपलर स्वच्छ आले तरी तिथला दोष उरू शकतो.

सोलापुरात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. विडी, मिश्री, मावा, गुटखा यांपैकी काही ना काही घराघरांत असते. विडीच्या धुरात निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते. पूर्व भागातल्या चाळिशी ओलांडलेल्या कामगाराजवळ तपासणीसाठी थोडेच पैसे असतील, तर ते रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व इतर मेद) यांवर खर्च करावेत. त्यानंतर एकदा लायपोप्रोटीन-ए. काहीच लक्षण नसलेल्या सर्वांचे सरसकट कॅरोटिड डॉपलर करू नये, असा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाचा सल्ला आहे, आणि तो इथेही पटण्यासारखा आहे.

लक्षण दिसले की हिशेब बदलतो. एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा येणे, हात लुळा पडून दहा मिनिटांत ताळ्यावर येणे, बोलताना जीभ अडखळणे या गोष्टी आपोआप बऱ्या झाल्या, तरी पुढचे ४८ तास सर्वांत जोखमीचे असतात. अशा रुग्णांत ७० टक्क्यांच्या वर अरुंदीकरण असेल, तर शस्त्रक्रियेने प्लाक काढल्यावर त्या बाजूच्या पक्षाघाताचे दोन वर्षांतील प्रमाण २६ वरून ९ टक्क्यांवर आले, हे १९९१ च्या ‘नासेट’ चाचणीत दिसले. लक्षण नसलेल्यांत फायदा बराच लहान होता: २००४ च्या युरोपीय चाचणीत पाच वर्षांत सुमारे १२ वरून ६ टक्के.

तोंड वाकडे होऊन हातपाय गेला, तर तेल चोळण्यात वा औषधासाठी गावोगाव फिरण्यात वेळ घालवू नये. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सिव्हिल’, जिल्हाभरातल्या रुग्णांच्या ओळखीचे आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते देण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची एकच रक्तचाचणी पाहणे अनिवार्य असते, ती साखरेची. वर वर्णिलेल्या जैवसूचकांपैकी एकाचाही अहवाल त्या वेळी लागत नाही.